खेकडाछाप कुलूप आणि केसातला आकडा

सोमवार, ३ तारीख

ही वही वकिलानं दिली. म्हणाला, "आजी, कारखान्याच्या सुरुवातीचं जे जे आठवेल ते यात लिहा. केसला उपयोगी पडेल." माझी शाळा चौथीत सुटली. त्यानंतर मी लिहिलं ते सामानाच्या यादीत आणि भांडणाच्या पत्रांत. पण वही कोरी आहे आणि पेनही नवं दिलंय, तर वाया कशाला घालवा.

केस अशी. एका पिक्चरमध्ये गाणं आलंय आणि त्यात आमचं कुलूप आहे. आमचं म्हणजे खेकडाछाप. ते असं:

मनाला लावलं खेकडाछाप कुलूप, किल्ली टाकली विहिरीत,
केसातल्या आकड्यानं उघडलंस राजा, दोनदा डावीकडे फिरवीत.

मला पहिल्यांदा फिटरनं ऐकवलं. तो ह्यांच्या वेळेपासून कामाला, मला वहिनी म्हणतो. फोन माझ्या कानाला लावून म्हणाला, "वहिनी, आपण फेमस झालो." तेवढ्यात मुलगा मागून आला. त्याचं तोंड बघून फिटरनं फोन खिशात घातला, पण तो बंद करायचा राहिला. ती बाई बराच वेळ फिटरच्या खिशातून गात होती.

मुलगा चिडला ते बरोबर आहे. ज्या कुलपावर 'धरलं की सोडत नाही' असं छापलंय ते केसाच्या आकड्यानं उघडतं म्हटल्यावर घेणार कोण? एका दुकानदारानं दोन पेट्या परत पाठवल्या, वर चिठ्ठीत गाण्याची ओळ. एका वसतिगृहाला पाचशे कुलपं द्यायची होती, तिथली बाई म्हणते, "थोडं थांबू या." थांबू या म्हणजे काय ते मला कळतं. माझ्या लग्नाआधी तीन घरं असंच म्हणाली होती.

छापाचा कागद माझ्या नावावर आहे, कारण तेव्हा हे दुसऱ्याच्या कारखान्यात नोकरीला होते. म्हणून सही माझी लागणार आणि म्हणून ही वही. छाप खेकड्याचाच का, असं मी ह्यांना विचारलं होतं. म्हणाले, "धरलं की सोडत नाही." बोलताना बघत माझ्याकडे होते.

मंगळवार, ४ तारीख

दिवसभर एकच प्रश्न. गाणारी एक, पडद्यावर तोंड हलवणारी दुसरी, चाल लावणारा तिसरा, शब्द लिहिणारा चौथा आणि पैसा घालणारा पाचवा. मग आमची अब्रू घेतली कुणी? सुनेला विचारलं तर म्हणाली, "आई, तुम्ही गोळी घेतलीत का?"

लिहिणाऱ्याचं नाव सुनेनं फोनवर शोधून दिलं. दोन अक्षरी टोपणनाव आहे. बाई आहे का बुवा, त्यावरून काही कळत नाही. कधी ऐकलेलं नाही.

गुरुवार, ६ तारीख

हे पान वकिलाला दाखवायचं नाही. पुढची किती दाखवायची ते नंतर बघू.

दुपारी सून बाहेर गेल्यावर आतल्या खोलीचं दार लावलं. कारखान्यातलं नवीन कुलूप मांडीवर घेतलं आणि केसातला आकडा काढला. डावीकडे दोनदा, मग वर. काही झालं नाही. उजवीकडे केलं, तरी नाही. अर्धा तास खटपट केली. आकडा वाकला, कुलूप ढिम्म. छान. माझा मुलगा कुलूप चांगलं करतो.

मग ट्रंकेच्या तळातलं जुनं काढलं. लोखंडी रिबिटांचं, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या खिळ्यांचं, काळं पडलेलं. डावीकडे दोनदा फिरवलं, नाही उघडलं. ते मला माहीत होतंच. उजवीकडे दोनदा, मग हळूच वर. तिसऱ्या खेपेला उघडलं. पूर्वी पहिल्या खेपेला उघडायचं, पण तेव्हा हातही माझेच होते.

तर आता लिहून टाकते.

सुरुवातीला कुलपातल्या स्प्रिंगा मी घरी करायची. तार विणायच्या सुईवर गुंडाळायची, काढायची, माझ्या तर्जनीच्या मधल्या पेराएवढी कापायची. हे म्हणायचे, "तुझं पेर हेच आपलं माप. कुठं हरवत नाही." हरवलं नाही, पण त्याच बोटाला नखुर्डं झालं. पट्टीत बोट दुधीएवढं, पेर दिसेना. काम तर थांबवायचं नव्हतं, ह्यांनी त्याच आठवड्यात नोकरी सोडलेली. मग मी करंगळीच्या पेरानं मोजलं आणि वर एक गव्हाचा दाणा जास्त धरला. दोन धरायला हवे होते. दीड महिना अशी आखूड स्प्रिंगांची कुलपं गेली. किल्लीनं नीट उघडायची, नीट लागायची, कुणाला संशय आला नाही.

मला कळलं एका दुपारी. मन लागेना म्हणून एक कुलूप मांडीवर घेऊन आकड्यानं नुसतं टोकरत बसले होते. खट्. पुन्हा लावलं, पुन्हा उघडलं. दुसरं घेतलं, तेही उघडलं. घरात कुणी नव्हतं. थोरला शाळेत होता. धाकटी समोर खाटेवर तापानं फणफणलेली, आठ वर्षांचं पोर, तिला शुद्ध कुठली.

ह्यांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी सगळी कुलपं परत मागवली असती आणि कारखाना पाळण्यातच मेला असता. हे मी कारण सांगतेय, माझी बाजू मांडत नाही. पट्टी सुटल्यावर मी पुन्हा तर्जनीनं मोजायला लागले आणि गप्प बसले. अडतीस वर्षं झाली. त्या दीड महिन्यात पितळी रिबिटा मिळत नव्हत्या, म्हणून तेवढ्याच कुलपांना लोखंडी आहेत. बघता क्षणी ओळखू येतात.

मग हे त्या गाणंवाल्याला कुणी सांगितलं? आणि ज्यानं सांगितलं त्याला एवढं सगळं ठाऊक, दोनदा फिरवायचं ठाऊक, तर बाजू कशी चुकली?

शनिवार, ८ तारीख

फिटरला आडून विचारलं, "जुन्या कुलपांची कधी तक्रार आली होती का रे?" म्हणाला, "वहिनी, तक्रार आली असती तर मालकांनी मला उलटं टांगलं असतं." म्हणजे तो नव्हे. मोडीत कुलपं घेणारा एक होता, तो वारला. एक गिऱ्हाईक होतं, भलतं चौकस, पण त्याला गाण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं.

मजा येतेय, खोटं का बोला. या वयात कोडं मिळणं म्हणजे दात येण्यासारखं आहे.

रविवार, ९ तारीख

धाकटीचा फोन. ती परगावी एका छापखान्यात असते, लोकांनी लिहिलेल्या चुका काढते. लग्न केलं नाही. रविवारी फोन करते, तब्येत विचारते, ठेवून देते. आज ठेवेचना.

"दादा खरंच कोर्टात जाणार?"

"जाणार."

"कुणावर? पिक्चरवाल्यांवर, का लिहिणाऱ्यावर?"

"सगळ्यांवर. वकील घाऊकच घेतो."

"लिहिणाऱ्याच्या मनात काही वाईट नसेल गं आई. गाण्यात एखादा शब्द असा बसतो की तो काढला तर..."

"तर काय?"

"काही नाही. तुला कसं वाटलं गाणं?"

म्हटलं, "चाल बरी आहे. बाई किंचाळते."

"शब्द?"

"शब्दांनीच तर वाट लावलीय."

हिला कुलपांचा एवढा कळवळा कधीपासून? लहानपणी किल्ल्या हरवण्यापलीकडे कारखान्यासाठी हिनं काडी हलवली नाही. छापखान्यात कंटाळत असेल.

शुक्रवार, १४ तारीख

वकिलाच्या ऑफिसात बैठक. खुर्च्या इतक्या मऊ की बसलं की उठायला दुसरा माणूस लागतो. गिऱ्हाईक पळू नये म्हणून असणार. पिक्चर कंपनीचा एक माणूस आला होता, पायात मोजे नाहीत आणि बूट मात्र चकचकीत.

तो म्हणाला, "कलेला कुलूप लावू नये हो."

वकील म्हणाला, "तुमच्या कलेनं आमचं उघडलं त्याचं काय?"

दोघं हसले. मुलगा हसला नाही. म्हणाला, "माझ्या बाबांनी आयुष्यभर एका शब्दावर धंदा केला. तुम्ही दोन ओळींत तो गाडलात. आम्ही शंभर कुलपांवर गाण्यात सांगितलंय तसंच करून पाहिलं. एकही उघडलं नाही. म्हणजे खोटं आहे ना?" मी खाली बघत राहिले. बुटांच्या वर त्या माणसाचे उघडे घोटे दिसत होते.

तो माणूस म्हणाला, कंपनी तयार आहे, ओळ बदलू. अडून बसलाय तो लिहिणारा, त्याला कंपनीत कुणी पाहिलेलंही नाही, सगळं काम पत्रांतून. खेकडाछाप हा शब्द बदलणार नाही म्हणतो. "पण आम्ही त्याला विचारत बसत नाही. ओळ दुसऱ्याकडून लिहून घेतो. पुढच्या दोन पिक्चरची गाणी त्याला दिली होती, तीही काढून घेतो. मग झालं?"

मी विचारलं, "एवढा हट्ट कशाला करतो तो?"

"म्हणे दुसरं कुठलंही कुलूप घातलं तर गाणं खोटं होईल."

खोटं होईल. म्हणजे आत्ता ते खरं आहे असं त्याला वाटतंय. मला त्या लिहिणाऱ्याला एकदा बघायचंय.

वकिलानं कागद वाचून दाखवला. सोमवारी मी त्यावर सही करायची, ती झाली की कंपनी लेखी माफी देणार. कागदात असं: 'पहिल्या दिवसापासून आजपर्यंत आमचं एकही कुलूप किल्लीशिवाय उघडलेलं नाही.' वाचून वकील खूश. म्हणाला, "आजी, फक्त इथे."

शनिवार, १५ तारीख

सुनेला म्हटलं, मला ते पिक्चर दाखव. ती म्हणाली, "गाणं फोनवर आहे की." पण फोनवर सगळे पहिलं कडवं झालं की पुढे सरकवतात. मला आख्खं ऐकायचं होतं.

पिक्चर भिकार. हिरोला काही काम नाही, त्यामुळे तो प्रेम करतो. गाणं मध्यंतरानंतर आलं. ती नटी समोर बसून केसांतला आकडा काढते आणि हवेत कुलूप उघडल्यासारखं करते. हात तिचा उजवीकडे वळला, आणि मला तो डावीकडे गेलेला दिसला.

मी बिस्किट तोंडात तसंच धरून बसले. समोरून बघणाऱ्याला उजवं डावं दिसतं. ज्यानं हे लिहिलं त्यानं कुलूप कधी हातात धरलेलं नाही. त्यानं कुणालातरी उघडताना समोरून बघितलंय.

समोर कोण होतं?

तेवढ्यात दुसरं कडवं लागलं. बाई आता किंचाळत नव्हती, हळू गात होती.

खाटेवर निजले खोटीच मी गं, पापणीच्या फटीत दिवा,
कुलपाला कळलं, घराला नाही, असा हा खेळ नवा.

सून म्हणाली, "आई, खाली काय सांडलंत?" सगळा पुडा सांडला होता.

रविवार, १६ तारीख

फोन मीच केला. तिनं हॅलो म्हणायच्या आत म्हटलं, "उजवीकडे. डावीकडे नव्हे."

ती म्हणाली, "आई, तुला कधी कळलं?"

"काल. बिस्किटं वाया गेली. तुला तर ताप होता!"

"नव्हता. गणिताची परीक्षा होती. थर्मामीटर तुझ्या चहात बुडवला होता."

म्हणजे त्या दुपारी त्या खोलीत दोन लबाड होत्या, आणि धाकटीला दुसरीचं माहीत होतं, मला नव्हतं. याचा मला जास्त राग आला.

विचारलं, "आपल्याच कुलपाचं नाव कशाला घातलंस? जगात कुलपं मेली होती?"

म्हणाली, "मला दुसरं कुठलं कुलूप माहीतच नाही. तू ते उघडलंस, लावलंस, पुन्हा उघडलंस, आणि मग बराच वेळ नुसती बसून राहिलीस. ते मी इतकी वर्षं बघतेय. तीन कुलपांची नावं घालून पाहिली. गाणं मरून पडायचं. आणि वाटलं, घरचंच आहे, कोण रागावणार."

"दादा रागावलाय."

"माहितेय. म्हणून तर तुला फोनवर विचारत होते." आणि लगेच म्हणाली, "सही कर आई. माझी गाणी गेली तर जाऊ देत. छापखाना आहे."

हे ती त्याच आवाजात म्हणाली, ज्या आवाजात पूर्वी दात पाडायला जाताना म्हणायची, 'मला भीती वाटत नाही.'

मी फोन ठेवला. भाजी करपली.

सोमवार, १७ तारीख

वकिलाकडे जायच्या आधी मुलाला कारखान्यात गाठलं. फिटरला म्हटलं, बाहेर जा आणि दाराला कान लावू नकोस. टेबलावर जुनं कुलूप ठेवलं, लावलं, आकडा काढला. उजवीकडे दोनदा, वर. चौथ्या खेपेला उघडलं.

मुलगा कुलपाकडे बघत राहिला. मग माझ्याकडे. मी नखुर्डं, करंगळी, गहू, सगळं सांगितलं.

तो म्हणाला, "बाबांना माहीत होतं?"

"नाही."

"अडतीस वर्षं तू..."

"हो."

"आणि मी तिथे छाती काढून सांगत होतो, खोटं आहे म्हणून!"

"तू खरं तेच सांगत होतास. तुझी कुलपं उघडत नाहीत. माझी उघडतात."

मग धाकटीचं सांगितलं. ते नसतं सांगितलं तर बरं, असं एक क्षण वाटलं. तो उठला, घणाजवळ गेला, परत आला. "घरभेदी आहे नुसती! एक फोन नाही करता आला? दादा, मी गाणं लिहितेय, तुझं कुलूप घालते?"

"तिला कुणी सांगितलंय की तू गाणी ऐकतोस म्हणून?"

दाराबाहेर फिटर खोकला, म्हणजे कान लावलेलाच होता.

मुलगा म्हणाला, "सही केलीस तर सगळं मिटतं आई. आज संध्याकाळी मिटतं."

"मिटतं. आणि मग गावोगावची माणसं आकडे घेऊन बसतील. एखाद्याकडे लोखंडी रिबिटांचं कुलूप निघालं आणि त्याचा हात चुकून उजवीकडे गेला, की तू मेलास. मी सही केलेला कागद तुझ्या गळ्यात बांधून मेलास." श्वास घ्यायला थांबले. "गाणं खोटं आहे म्हणालास तर लोक आकडा शोधतील. खरं आहे म्हणालास तर कुलूप घेऊन येतील."

"येऊन काय करतील?"

"लोखंडी रिबिटांचं दे, नवीन ने. बस्."

तो खूप वेळ ते जुनं कुलूप हातात फिरवत होता. मग खिळ्यानं झाकण उचकटून आतली स्प्रिंग काढली आणि स्वतःच्या तर्जनीला लावून बघितली. काय वाटलं त्याला ते मला कळलं नाही. म्हणाला, "वकिलाला तू सांग. माझ्यानं होणार नाही."

सांगितलं. वकिलाचं तोंड पडलं. वही परत मागत होता, मी नाही दिली. म्हटलं, यात तुमच्या खुर्च्यांबद्दल आहे. नोटीस मागे घ्यायला लावली आणि पिक्चरवाल्याला निरोप धाडला: आमची तक्रार नाही, ओळ आहे तशी राहू दे, आणि लिहिणारीची गाणी काढून घेतलीत तर मात्र तक्रार आहे.

गुरुवार, २० तारीख

दुकानांत चिठ्ठ्या लागल्या. मजकूर सुनेनं लिहिला, मी तीन विशेषणं काढली. 'खेकडाछाप. काळ्या लोखंडी रिबिटांचं जुनं कुलूप आणा, नवं घेऊन जा. चूक आमची.' 'चूक आमची' वर मुलाची पेन्सिलीची फुली होती. मी खोडरबर घेऊन बसले. फुली खोडली, तो बघत होता.

धाकटीला त्यानं फोन केला की नाही ते माहीत नाही. विचारलं नाही. सून म्हणते केला, आणि दोघं पहिली पाच मिनिटं हवेबद्दल बोलले.

बुधवार, २६ तारीख

वसतिगृहाची बाई स्वतः आली. आकड्यांचं आख्खं पाकीट आणलेलं. नवं कुलूप घेऊन तासभर बसली, अंबाडा सुटला, तरी उघडेना. निम्मी कुलपं आत्ता घेते म्हणाली, बाकीची परीक्षांनंतर बघू. निम्मी तर निम्मी. जाताना जिन्यात तेच गाणं गुणगुणत होती. मुलाला ऐकू आलं. कपाळाला आठी पडली, पण पाय ताल धरत होता.

रविवार, ३० तारीख

आजवर सोळा जुनी कुलपं परत आली. सतराव्याची गोष्ट.

धाकटी आली आहे, काल. पिक्चरवाल्यांनी एका पिक्चरची गाणी ठेवली, एकाची काढली. ती म्हणते एक पुरे. दादा तिच्याशी बोलतो, पण वाकडं बोलतो, म्हणजे ठीक आहे.

दुपारी एक म्हातारा हातगाडीवर पत्र्याची पेटी घेऊन आला. माझ्याहून चार वर्षांनी थोरला असेल. पेटीला आमचं कुलूप, काळ्या रिबिटांचं. किल्ली हरवून तीस वर्षं झाली म्हणाला. तोडवेना, कारण पेटी बायकोची. गाणं ऐकून आला होता. "दोनदा डावीकडे फिरवून बघितलं. उघडत नाही. तुमचं गाणं खोटं आहे."

मुलगा माझ्याकडे बघायला लागला, फिटर मुलाकडे. मी खाली बसले, पेटी पुढ्यात ओढली, आकडा काढला. धाकटी मुद्दाम समोर जाऊन उकिडवी बसली, अगदी तिथं खाट असावी अशा अंतरावर.

म्हटलं, "तिथं नको. इकडे ये, माझ्या बाजूला बस. तिथून सगळं उलटं दिसतं."

ती आली. तिचा खांदा माझ्या खांद्याला टेकला. उजवीकडे दोनदा, मग हळूच वर. पहिल्याच खेपेला. खट्.

म्हाताऱ्यानं झाकण आपल्याकडे वळवून उघडलं. पेटीत काय होतं ते मी वाकून बघितलं, पण त्याची पाठ मध्ये आली. अजून चुटपुट लागून आहे.

तो गेल्यावर धाकटी हळूच म्हणाली, "आई, गाण्यात उजवीकडे करून घेऊ का? अजून बदलता येईल."

"मुळीच नाही," मी म्हटलं. "अजून कितीतरी कुलपं बाहेर आहेत. ती परत येईपर्यंत सगळ्या जगाला डावीकडेच फिरवू दे."